कादंबरी लिहायचीय? आधी चालायला लागा!

सातवीत शाळा सुटलेला मुलगा मराठीतला मोठा कादंबरीकार कसा झाला? गो. नी. दांडेकर यांच्या आयुष्यात कर्जत-खालापूरच्या लिहित्या पोरापोरींसाठी काय काय आहे, त्याची ही गोष्ट.

तुमच्या मोबाइलच्या नोट्समध्ये एक फाइल नक्की असणार. नाव काहीतरी ‘नॉव्हेल फायनल’ वगैरे. आत पहिलं प्रकरण, तेही अर्धं. ते तुम्ही तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय आणि आता सेमिस्टर संपल्यावर बघू म्हणून ठेवून दिलंय. कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं. आपल्याकडे घडतंच काय? कर्जत म्हणजे मुंबई-पुण्याच्या मधलं स्टेशन. गाडी थांबते, लोक वडापाव घेतात, गाडी जाते. खोपोली म्हणजे कंपन्या आणि घाट. कादंबरी घडते ती पुण्याच्या पेठेत, नाहीतर दादरच्या चाळीत.

आता एक करा. कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याला लागा आणि समोरच्या डोंगराकडे बघा. वर राजमाची आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, खाली उल्हास नदीचं खोरं, वाटेत कोंडाणे लेणी. ट्रेकला तुम्ही दोन-चारदा जाऊन आला असाल, रील पण टाकली असेल. त्याच माचीवर एका लेखकाला एक म्हातारा दिसला. अख्खं आयुष्य मुंबईत घालवून शेवटी झाडांच्या, जनावरांच्या सोबतीला परत आलेला. त्या म्हाताऱ्याची कादंबरी झाली, ‘माचीवरला बुधा’. एक म्हातारा, एक डोंगर, बस्स. प्लॉट म्हणाल तर एका ओळीत संपेल. तरी पुस्तक अजून वाचलं जातंय.

लिहिणारे होते गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा. ते १ जून १९९८ रोजी गेले. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आपल्याला ते आठवतात ते दहावीच्या मराठीपुरते किंवा ‘जैत रे जैत’च्या गाण्यांमुळे. पण लिहायचं असेल तर त्यांचं आयुष्य एखाद्या वर्कशॉपपेक्षा जास्त शिकवतं. फी पण नाही.

तेराव्या वर्षी घर सोडलं

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. शिक्षण सातवीपर्यंत. १९३०च्या आसपास देशात स्वातंत्र्याचं वारं होतं आणि हा तेरा वर्षांचा मुलगा चळवळीत पडायचं म्हणून शाळा सोडून घरातून निघाला. पुढची कितीतरी वर्षं तो फिरतच राहिला. (घरच्यांनी हा लेख वाचला तर त्यांना सांगा, कॉलेज सोडा असं इथे कुणीही म्हणत नाहीये. पुढे वाचा.)

या भटकंतीत त्यांना गाडगे महाराज भेटले. दिवसा गावातला रस्ता खराट्याने झाडायचा आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारायचे, ही महाराजांची पद्धत. महाराज स्वतः शाळेत शिकलेले नव्हते. बोलायचे ते थेट वऱ्हाडीत, समोरच्या शेतकऱ्याच्या घरातली भाषा. पोरसवदा गोपाल त्यांच्याबरोबर राहिला, त्यांचा निरोप घेऊन गावोगाव हिंडला. भाषेचा एवढा मोठा क्लास कुठल्या कॉलेजात मिळणार? हजारो माणसं जमिनीवर बसून ऐकतायत, त्यात एकही शब्द त्यांच्या डोक्यावरून जात नाही. पुढे गोनीदांनी महाराजांचं चरित्र लिहिलं. १९७७ साली आलेला ‘देवकीनंदन गोपाला’ हा सिनेमाही महाराजांवरचाच.

नंतर वेदान्त झाला, ज्ञानेश्वरीचा अभ्यास झाला. मग नर्मदा परिक्रमा. अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर, नदी कायम उजव्या हाताला ठेवून, पायी, मिळेल ते खात. त्या अनुभवातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली.

इथे थांबून हिशोब करा. घर सोडलं तेव्हा वय तेरा. लेखनावरच जगायचं हे त्यांनी ठरवलं १९४७ साली, म्हणजे एकतिसाव्या वर्षी. ‘शितू’ आली १९५३मध्ये आणि ‘पडघवली’ १९५५मध्ये, वय एकोणचाळीस. आपण बाविसाव्या वर्षी पहिली कादंबरी छापून आली नाही म्हणून स्टेटस टाकतो. मधली पंचवीस वर्षं गोनीदांची वाया गेली का? तीच तर भांडवल होती.

पहिला धडा : कान

गोनीदांच्या चार कादंबऱ्या समोर ठेवा आणि प्रत्येकीचं कुठलंही एक पान उघडा. ‘पडघवली’ कोकणातल्या ब्राह्मणी घराच्या बोलीत बोलते. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडीत. ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळातला, तुंग किल्ल्याचा हवालदार. ‘जैत रे जैत’ ठाकरांची, कर्नाळ्याच्या मुलखातली, आपल्या जिल्ह्यातली. लेखक एकच, पण पात्रं एकसारखी बोलत नाहीत. नाव झाकलं तरी कोण बोलतंय ते कळतं.

तुमच्या पहिल्या प्रकरणाला हीच परीक्षा लावा. ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’ हे सगळं खोडा आणि संवाद मित्राला वाचायला द्या. कोण बोलतंय हे त्याला कळलं नाही तर तुमची सगळी पात्रं तुमच्याच आवाजात बोलतायत. पहिल्या ड्राफ्टमध्ये नव्वद टक्के लोकांचं हेच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण इलाज नोट्स ॲपमध्ये सापडणार नाही, बाहेर पडावं लागेल.

आणि आपल्याकडे बाहेर काय नाही? कर्जत लोकलच्या एका डब्यात किती मराठी ऐकू येतात ते मोजा. नेरळची आगरी, कशेळे-कडावकडची बोली, खोपोलीत घाटावरून नोकरीला आलेल्यांची, कातकरी बायकांची, फार्महाउसवर आलेल्या मुंबईकरांची हिंदी मिसळलेली. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, साधारण दोन तास. रोज अप-डाउन करत असाल तर चार तासांचा फुकटचा रियाज आहे. एक कान हेडफोनमधून मोकळा ठेवा. एक छोटी वही खिशात ठेवा. त्यात आयडिया लिहू नका, वाक्यं लिहा. माणूस रागावल्यावर वाक्य कुठे तोडतो, लपवायचं असताना कुठला शब्द दोनदा वापरतो, ते लिहा. फक्त कुणाचं खासगी आयुष्य नावानिशी उचलू नका. वाक्याची चाल घ्या, माणूस घेऊ नका.

दुसरा धडा : गोष्ट कोण सांगतंय?

‘पडघवली’त एक गाव हळूहळू रिकामं होतं. माणसं शहराकडे जातात, घरं पडतात, बागा सुकतात. हे सगळं लेखकाने वरून, बातमीसारखं सांगितलं असतं तर आपण दहाव्या पानावर पुस्तक मिटलं असतं. गोनीदांनी ते अंबूवहिनीच्या तोंडून सांगितलं, खोतांच्या घरात सून म्हणून आलेल्या बाईच्या. मग गाव मोडणं ही समाजशास्त्राची गोष्ट राहत नाही. तिच्या ओटीवरची, तिच्या गोठ्यातली, तिच्या औषधी पाल्याची गोष्ट होते.

त्यामुळे लिहायच्या आधी एकच प्रश्न सोडवा. या घटनेत सगळ्यात जास्त काय कुणाचं जाणार आहे? बहुतेक वेळा गोष्ट त्याने किंवा तिनेच सांगायला हवी. समजा तुम्ही जमीन विकल्याची गोष्ट लिहिताय. आपल्या दोन्ही तालुक्यांत ती घरोघरी आहे. सही करणारे आजोबा, पैशातून गाडी घेणारा काका, विचारलंच नाही म्हणून गप्प बसलेली आत्या आणि त्याच शेतावर राबणारं कातकरी कुटुंब. प्रत्येकाची कादंबरी वेगळी होईल. चौघांच्या आवाजात दोन-दोन पानं लिहून बघा. ज्याच्या आवाजात तिसरं पान आपोआप आलं, तो तुमचा निवेदक.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलूया. ‘पडघवली’ वाचताना डोळे भरतात, पण ते खोतांच्या घराच्या ओटीवरून दिसलेलं गाव आहे. कुळाच्या अंगणातून तेच गाव वेगळं दिसलं असणार. ज्यांच्यासाठी गाव सोडून जाणं म्हणजे सुटका होती, त्यांची कादंबरी वेगळीच झाली असती. हा गोनीदांचा दोष म्हणून सांगत नाहीये. एक माणूस एकाच ओटीवर बसू शकतो. उरलेली अंगणं तुमच्यासाठी रिकामी आहेत, एवढंच.

तिसरा धडा : दुसऱ्याचं दुःख

गोनीदा ठाकर नव्हते. तरी ‘जैत रे जैत’मधला नाग्या, चिंधी आणि लिंगोबाचा डोंगर मराठी माणसाच्या मनात राहिला. डॉ. जब्बार पटेलांनी १९७७ साली त्यावर सिनेमा केला. मोहन आगाशे, स्मिता पाटील, ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डोंगर, मधमाश्या, ढोल, देवावरचा राग, हे सगळं जवळून बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. गोनीदा आयुष्यभर डोंगर-किल्ले पायी हिंडले, त्यांच्यावर पुस्तकं लिहिली, फोटो काढले. डोंगरात राहणारी माणसं त्यांना वाटेवर भेटली, वाटाड्या म्हणून, यजमान म्हणून.

आज हा धडा आपल्याला जास्त लागू होतो. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आपल्या खालापूर तालुक्यातली ठाकर वस्ती. त्या आठवड्यात टीव्हीवर सगळा देश ती वाडी बघत होता. मग कॅमेरे गेले. आपल्यातल्या काहींनी तेव्हा कविता लिहिल्या, कुणी कथा लिहिली असेल. प्रश्न असा आहे की ती कुणाची? बातम्या बघून लिहिलेल्या दुःखात तपशील नसतो. त्यात फक्त पाऊस, अंधार आणि आक्रोश हे तीन शब्द असतात. त्या माणसांचं बाकीचं आयुष्य, त्यांचं हसणं, भांडणं, मुलांच्या आश्रमशाळेची फी नसली तरी लागणारा खर्च, लग्नातली गाणी, यातलं काही आपल्याला माहीत नसतं. माणसं फक्त मरताना दाखवली की ती पात्रं होत नाहीत.

म्हणून दुसऱ्याच्या समाजाबद्दल लिहायचं असेल तर दुर्घटनेपासून सुरुवात करू नका. आधी तिथे जाणं-येणं होऊ दे. एखादा पावसाळा, एखादी लावणी, एखादं लग्न. लिहून झाल्यावर त्यांच्यातल्याच कुणाला तरी वाचून दाखवा आणि ते म्हणतील ते ऐका. त्याहूनही चांगलं म्हणजे तुमच्या वर्गात ठाकर किंवा कातकरी घरातलं कुणी लिहिणारं असेल तर त्याला ही फाइल उघडायला लावा.

चौथा धडा : मुरू द्या, मग मोठ्याने वाचा

भटकंतीचे दिवस गोनीदांनी दोनदा वापरले. एकदा ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीत आणि नंतर ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात. ‘स्मरणगाथा’ला १९७६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घर सोडल्याला तोवर पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती. एकच माणूस, तेच रस्ते, पण दोन वेगळी पुस्तकं. म्हणजे जगलेलं सगळं एकाच पुस्तकात कोंबायची घाई नसते. ब्रेकअप झालं त्याच आठवड्यात कादंबरी सुरू करू नका. डायरी लिहा. कादंबरी नंतर.

पुनर्लेखनासाठी आणखी एक गोष्ट त्यांच्या घरातूनच घेता येते. गोनीदांची कन्या डॉ. वीणा देव, जावई डॉ. विजय देव आणि पुढच्या पिढीने त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन महाराष्ट्रभर केलं. कादंबरी मंचावर नुसती वाचायची. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. तरी सभागृह शांत बसून ऐकतं. कारण ती वाक्यं तोंडात बसणारी आहेत. तुमचं पान असं टिकेल का? करून बघा.

मी मित्रमैत्रिणींच्या लेखनावर वापरून बघितलेली पद्धत अशी :

पहिला ड्राफ्ट शेवटपर्यंत लिहा. पहिलं प्रकरण सुंदर करत बसू नका. रोज ५०० शब्द धरले तर १२० दिवसांत ६०,००० शब्द होतात, म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरी. परीक्षेचे दिवस सोडले तरी वर्षात बसतं.

झाल्यावर महिनाभर बघू नका. मग प्रिंट काढा. स्क्रीनवर डोळा घसरतो, कागदावर अडखळतो.

मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य मोडा. जिथे तुम्हालाच वाचायचा कंटाळा येतो, तो परिच्छेद काढा. तो तुमचा सगळ्यात लाडका असला तरी.

प्रत्येक प्रसंगासमोर एका ओळीत लिहा, या प्रसंगानंतर काय बदललं? उत्तर ‘काही नाही’ असेल तर प्रसंग गेला. निसर्गवर्णनालाही हाच नियम. ‘माचीवरला बुधा’त झाडं-पाखरं पानापानांवर आहेत, पण ती बुधाचे सोबती आहेत, सजावट नाहीत.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. प्रमाण निवेदन आणि बोलीतले संवाद असतील तर बोली एकसारखी ठेवा. एका पानावर ‘व्हतं’ आणि पुढच्या पानावर ‘होतं’ असं नको.

पाचवा धडा : पोटाचं काय?

आता घरच्यांचा प्रश्न. गोनीदा लेखनावर जगले, पण नुसत्या कादंबरीवर नाही. मुलांची पुस्तकं, संतांची चरित्रं, प्रवासवर्णनं, किल्ल्यांवरचं लेखन, ललित, पौराणिक असं सगळं त्यांनी लिहिलं. तळेगाव दाभाड्याला राहून, दर पुस्तकाला कष्ट करून. १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण ते पासष्टीला आल्यावर. म्हणून स्वप्न मोठं ठेवा आणि सोबत नोकरी किंवा अनुवाद, स्क्रिप्ट, कंटेंट रायटिंग असं काहीतरी ठेवा. त्याने लेखक लहान होत नाही.

हप्त्याहप्त्याने छापायचा मोह असेल तर एक जुनं उदाहरण लक्षात ठेवा. हरि नारायण आपटे यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. वाचक दर आठवड्याला वाट बघायचे. मराठी कादंबरी त्यातून मोठी झाली, पण त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. आज ॲपवर भाग टाकताना हेच होतं. लाइक आले की आपण गोष्ट वाचकाच्या कलाने वळवतो, नाही आले की सोडून देतो. टाकायचंच असेल तर आधी पूर्ण लिहा, मग भाग पाडा.

छापायच्या वेळी एवढं माहीत असू द्या. पहिली पायरी म्हणून दिवाळी अंकांना कथा किंवा कादंबरीतला स्वतंत्र वाचता येईल असा भाग पाठवा. प्रकाशकाला पाठवताना तो कुठल्या प्रकारची पुस्तकं काढतो हे आधी बघा, आणि एक पानाचा सारांश व दोन प्रकरणं द्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, मराठीलाही मिळतो. आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर सावध व्हा.

आणि करार वाचल्याशिवाय सही नाही. आपल्या कायद्यानुसार पुस्तकाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे गोनीदांच्या पुस्तकांवरचा हक्क २०५८च्या अखेरपर्यंत चालणार. हक्क दुसऱ्याला देणं लेखी असावं लागतं. किती वर्षांसाठी दिला हे करारात लिहिलं नसेल तर तो पाच वर्षांसाठी धरला जातो. सिनेमा, ऑडिओबुक, अनुवाद, ई-बुक हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. ‘जैत रे जैत’चा सिनेमा झाला, तुमच्या पुस्तकाचं काय होईल ते आज कुणाला ठाऊक?

आपल्या माचीवर

तर मूळ प्रश्न, आपल्याकडे घडतंच काय? भाताची खाचरं जाऊन प्लॉटिंगचे बोर्ड लागतायत. आजी अजून चुलीवर भाकरी भाजते आणि नातू शनिवारी रिसॉर्टमध्ये वेटर म्हणून जातो. वाडीवरची मुलगी पहिल्यांदा कॉलेजला येते आणि आडनाव सांगताना आवाज बारीक करते. खोपोलीची एखादी कंपनी बंद पडली की अख्ख्या आळीचा उधारीचा हिशोब बदलतो. ‘पडघवली’त माणसं गाव सोडून गेली. आपल्या गावात बाहेरची माणसं येतायत आणि आपली माणसं गावात राहूनच परकी होतायत. ही कादंबरी गोनीदा लिहू शकले नसते, कारण ती त्यांच्या काळात घडलीच नव्हती. ती बघायला आपणच इथे आहोत.

या रविवारी राजमाचीला गेलात तर एक काम करा. वाटेत पाणी किंवा लिंबू-सरबत विकणारं कुणी बसलेलं असेल. सेल्फी नंतर. दहा मिनिटं बसा, ते बोलतात ते ऐका आणि घरी येऊन एक पान लिहा. त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या आवाजात. मग ते पान मोठ्याने वाचा. खोटं वाटलं तर पुढच्या रविवारी परत जा.